रजिस्टरांची सिस्टर

भुसावळच्या जुन्या दगडी चर्चमागे एक खोली आहे. त्या खोलीत शिरायचं तर आधी अक्कांना हात दाखवावे लागत. नुसते दाखवून भागत नसे, अक्का ते हुंगत. तंबाखूचा, तेलाचा, अत्तराचा, कसलाही वास आला की बाहेरच्या नळाकडे बोट. धुऊन आलं की पंख्याखाली बसायचं, बोटांच्या बेचक्या कोरड्या होईस्तोवर. एकदा जळगावचे एक वकील आले होते. "बाई, मी जरा गडबडीत आहे," म्हणाले. अक्का म्हणाल्या, "असा की. ज्यांना भेटायला आलात, त्यांना काही गडबड नाही."

रावेर-यावलकडून येणारी माणसं हमखास केळी घेऊन येत. घड दाराबाहेर ठेवावा लागे. केळ्यांना मुंग्या येतात, मुंग्या कागदावर चढतात, असं अक्कांचं म्हणणं. संध्याकाळी तोच घड कडेवर घेऊन त्या घरी जात आणि वाटेत भेटेल त्याला एकेक केळं देत जात.

अक्का रेल्वेच्या दवाखान्यात नर्स होत्या. लग्न केलं नाही, रेल्वे कॉलनी सोडून दुसरीकडे राहिल्या नाहीत. निवृत्त झाल्यावर थोडे दिवस घरी बसल्या आणि मग एका रविवारी उपासना संपल्यावर पाळकसाहेबांना म्हणाल्या, "मला काहीतरी आजारी द्या." पाळकसाहेबांनी त्यांना ही खोली उघडून दाखवली. खानदेशातली मिशनची छोटी छोटी ठाणी जशी बंद पडत गेली, तशी तिथली रजिस्टरं या चर्चात येऊन पडली होती. बाप्तिस्मे, लग्नं, दफनं. काहींना वाळवी लागलेली, काहींची पानं एकमेकांना चिकटलेली, काहींवर गळक्या छताचं पाणी सुकून नकाशे उमटलेले. अक्कांनी दारातूनच सगळ्यांकडे एक नजर टाकली आणि पदर खोचला.

तेव्हापासून त्या खोलीचा वॉर्ड झाला. छातीशी पिनेनं उलटं लावलेलं नर्सचं घड्याळ त्यांनी निवृत्तीनंतरही काढलं नव्हतं. सकाळी आल्या की कपाटं उघडून राउंड घेत. तळहाताची मागची बाजू पानाला लावून ओल लागते का बघत, आईनं पोराचा ताप बघावा तसं. प्रत्येक रजिस्टरात एक चिठ्ठी असे: 'पाठ दुखते, उताणं ठेवू नये.' 'कोपरे नाजूक.' 'आज बरं आहे, वाचायला हरकत नाही.' फारच खराब झालेली रजिस्टरं मलमलच्या कापडात गुंडाळून, कडुनिंबाचा पाला घालून वेगळ्या पेटीत ठेवलेली. त्या पेटीजवळ कुणी मोठ्यानं बोललं तर अक्का तोंडावर बोट ठेवत.

गेल्या वर्षी अक्का गेल्या. आता शनिवारी मी जळगावहून तिथे जाते आणि जमेल तसं ते काम बघते. लोक मला विचारतात, तुम्ही कॉलेजात शिकवता, या धुळीत कशाला बसता? उत्तर देताना मी अक्कांबद्दल सांगायला लागते आणि विचारणारा घड्याळ बघायला लागतो. म्हणून एकदा नीट लिहून काढावं म्हटलं.

मेलेल्या माणसांबद्दल अक्का कधीच भूतकाळात बोलत नसत. "ही मार्था बघ. लग्न झालंय, नवरा गार्ड आहे, पहिलं मूल गेलंय बिचारीचं. पण पुढच्या पानावर हिला जुळी होणारेत, तिला अजून माहीत नाही." हे सांगताना त्यांचा चेहरा असा खुलायचा, की आपण आत्ताच बाहेरच्या व्हरांड्यात बसलेल्या मार्थाला जाऊन ते सांगावं असं वाटे.

त्यांचा सगळ्यात जाचक नियम वाचायचा होता. आपल्याला हवं ते नाव शोधायला बोट फिरवत पटापट पानं उलटायची सोय नव्हती. पान उघडलं की त्यावरची सगळी नावं मोठ्यानं वाचायची, साक्षीदारांसकट. "तुझ्या माणसासाठी पान उघडलंस. बाकीच्यांनी काय तोंड वळवून बसायचं? केव्हापासून कुणी हाक मारली नाही त्यांना." मोबाईलनं फोटो काढायला बंदी नव्हती, पण आधी वाचन, मग फोटो. पुढे तरुण पाळक आले आणि त्यांनी स्कॅनर आणला, तेव्हा अक्का विरोध करतील असं सगळ्यांना वाटलं. त्यांनी आनंदानं परवानगी दिली. फक्त स्कॅन करणाऱ्या मुलीला प्रत्येक पान वाचायला लावलं. ती महिनोन्‌महिने वाचत होती.

एकदा ऑस्ट्रेलियाहून एक जोडपं आलं. बाईंचे आजोबा भुसावळला इंजिन ड्रायव्हर होते. शोधता शोधता असं निघालं, की आजोबांचं भुसावळला एक लग्न झालं होतं आणि त्याआधी आणखी कुठे तरी एक. बाई पांढऱ्या पडल्या. अक्कांनी त्यांना पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला आणि रेल्वेच्या इंग्रजीत सांगितलं, "अभिनंदन. लोकांना एक आजी शोधायला जन्म जातो. तुम्हाला दोन मिळाल्या." बाई आधी रडल्या, मग इतक्या हसल्या की बाहेर झाडू मारणारी बाई डोकावून गेली.

पण गोड बोलायच्या म्हणून त्या कुणाला हवं ते देत, असं मात्र नाही. नाशिकचे एक गृहस्थ आले. पणजोबांच्या नावापुढे धंद्याच्या रकान्यात इंग्रजीत 'कुक' लिहिलेलं. घरी मुलाचं लग्न ठरत होतं, पाहुणे मोठे होते. गृहस्थ म्हणाले, "अक्षर पुसट आहे. 'क्लार्क' असू शकतं. पहिलं आणि शेवटचं अक्षर तर तेच आहे." अक्कांनी भिंग लावून पुन्हा बघितलं. "तेच आहे. पण मधल्या दोन ओंचं मी काय करू?" गृहस्थांनी फार गळ घातली. अक्का म्हणाल्या, "मी नर्स होते हो. पेशंट कितीही आवडता असला तरी रिपोर्ट बदलता येत नाही. आणि लाजता कशाला? किती माणसं जेवली असतील त्यांच्या हातची." गृहस्थ तणतणत गेले. पुढे मुलाच्या लग्नाची पत्रिका मात्र आली, आणि अक्कांनी ती त्याच पानाजवळ ठेवली. पणजोबांना कळायला नको का, म्हणाल्या.

मी त्यांच्याकडे गेले ती माझ्या वडिलांसाठी.

वडिलांना आम्ही नाना म्हणतो. धुळ्याच्या शाळेत ते चित्रकला शिकवायचे, अजूनही लोक त्यांना मास्तर म्हणतात. आपल्याकडे माणूस भेटला की दुसरा प्रश्न गावाचा असतो. नाना सांगायचे, धुळं. समोरचा म्हणायचा, "ते झालं हो मास्तर, पण मूळचे कुठले?" की नाना गप्प. सांगायला काही नव्हतंच. नानांचे आजोबा दुष्काळात मिशनच्या अनाथाश्रमात आलेले. त्यांच्याआधीचं कुणालाच काही माहीत नाही. आडनावसुद्धा तिथलंच मिळालेलं. एका लग्नात मानपानावरून वाद झाला, तेव्हा आईकडच्या एका नातेवाईक बाईंनी सगळ्यांदेखत म्हटलं होतं, "टाकलेल्या पोराचं घराणं. यांना काय कळणार रीतभात?" मी तेव्हा कॉलेजात होते. नाना मांडवातून बाहेर आले आणि एसटी स्टँडपर्यंत आमच्या पुढे पुढे चालत राहिले.

ऐंशी ओलांडल्यावर त्यांचं हिंडणं-फिरणं कमी झालं आणि हे जुनं शल्य वर येऊ लागलं. मी शोध घेते म्हटल्यावर उखडले. "जे टाकून गेले, त्यांना आपण कशाला शोधायचं? त्यांनी शोधलं का?"

तरी मी गेले. अक्कांनी माझे हात हुंगले, पंख्याखाली बसवलं, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "चल, भेटू त्यांना."

बाप्तिस्म्याची नोंद लवकर सापडली. आश्रमात मिळालेलं नाव, अंदाजे वय, आणि पुढे इंग्रजीत: आईबाप अज्ञात, दुष्काळातलं अनाथ मूल. एवढंच. मला एकदम रितं वाटलं. मी पर्स उचलली. अक्का म्हणाल्या, "निघालीस कुठे? पोरगं आत्ता तर आलंय. त्याला मोठं तरी होऊ दे."

मग लग्नांची रजिस्टरं सुरू झाली. कोणत्या ठाण्यावर लग्न झालं ते ठाऊक नव्हतं, त्यामुळे एकामागून एक बघायची. शनिवारी मी जायची, आम्ही दोघी वाचत बसायचो. नवरा, नवरी, बाप, धंदा, साक्षीदार. परक्यांची लग्नं मोठ्यानं वाचताना पहिल्यांदा मला वेड्यासारखं वाटलं. पुढे पुढे मी जळगावहून येताना गाडीत विचार करायला लागले, की मागच्या वेळच्या त्या विधुर मिस्त्रीला नंतर मूलबाळ झालं असेल का. मेमध्ये खोली भट्टीसारखी तापे. अक्का डोक्यावर ओला टॉवेल ठेवून बसत आणि मधेच म्हणत, "या उन्हात लग्न केलं बघ यांनी. काय हौस."

पणजोबांचं लग्न सापडलं ते अशाच एका दुपारी. मी नाव वाचलं आणि ओरडलेच. मोबाईल काढला. अक्कांनी माझ्या मनगटावर हात ठेवला. "पूर्ण वाच."

मी वाचत गेले. नवरी, तिचा बाप, लग्न लावणारा मिशनरी. पहिला साक्षीदार आश्रमातलाच मास्तर. दुसऱ्या साक्षीदाराच्या जागी सही नव्हती. शाईची एक वेडीवाकडी फुली होती आणि तिच्याभोवती मिशनरीच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं: 'वराची बहीण, राहणार पिंपरी, हिची खूण.'

मी ते दोनदा वाचलं. अक्कांनी उठून पंखा बंद केला, पान उडू नये म्हणून.

मी म्हटलं, "गाव सापडलं, अक्का! पिंपरी! आत्ता नानांना फोन करते."

"गाव सापडलं नाही," अक्का म्हणाल्या. "लग्न झालेल्या बाईचं गाव म्हणून जे लिहितात, ते तिचं सासर असतं. आणि खानदेशात पिंपऱ्या किती, ते कलेक्टरला विचार. गाव मिळालं असं त्यांना सांगू नकोस."

"पण त्यांना किती बरं वाटेल."

"बरं वाटण्यासारखं खरं असताना खोटं कशाला सांगायचं?" त्यांनी रजिस्टर मिटलं. "मीच येते धुळ्याला. असलं फोनवर नसतं सांगायचं."

त्या आल्या. भुसावळहून एसटीनं, हातात पर्स आणि पाण्याची बाटली. नाना खुर्चीत ताठ बसले होते. अक्कांनी नमस्कार केला, स्टूल ओढलं आणि न विचारता त्यांचं मनगट धरून घड्याळाकडे बघत बसल्या. नाना माझ्याकडे बघायला लागले. नाडी बघून झाल्यावर अक्का म्हणाल्या, "ठीक आहे. आता सांगते. मास्तर, तुमच्या आजोबांच्या लग्नाला त्यांची बहीण आली होती."

नानांना नीट ऐकू आलं नाही असं मला वाटलं. मी पुन्हा सांगायला लागले, तर त्यांनी हात वर करून मला थांबवलं.

"कोण आली होती?"

"बहीण. पिंपरीची. सासर असेल तिचं. ख्रिस्ती नव्हती, असती तर तसं लिहिलं असतं. तरी चर्चात आली, साक्षीदार म्हणून उभी राहिली, फुली केली."

"म्हणजे त्यांना माहीत होतं. एकमेकांचं."

"माहीत होतं. लग्नापर्यंत तरी दोघांनी एकमेकांना सोडलं नव्हतं." अक्का म्हणाल्या. "दुष्काळात ती स्वतःच लहान असेल. सासरी दिलेली. भावाला पोटाशी धरून ठेवणं तिच्या हातात नसेल. पण हे मी म्हणते. रजिस्टरात तसं नाही."

मी मोबाईलवर काढलेला फोटो नानांपुढे धरला. त्यांनी चष्मा बदलला. चित्रकलेच्या मास्तरांनी मुलांच्या वह्या तपासाव्यात तसे ते त्या फुलीकडे बघत राहिले. बऱ्याच वेळानं म्हणाले, "ही रेघ बघा सिस्टर. इथे शाईचा ठिपका पडलाय. टाक टेकवला आणि तसाच दाबून धरला. भीती वाटली असणार. दुसरी रेघ मात्र एका दमात ओढलीय."

"हे मला दिसलं नव्हतं," अक्का म्हणाल्या. त्यांनी फोटो पुन्हा घेऊन बघितला. "खरंच की."

मग नाना रडले. मी त्यांना आई गेल्यावरसुद्धा तसं रडताना बघितलं नव्हतं. अक्कांनी त्यांना थोपवलं नाही, पाणीही पुढे केलं नाही. शेजारी बसून राहिल्या. जरा शांत झाल्यावर नाना एकदम म्हणाले, "नवऱ्या मुलाची बहीण म्हणजे करवली. तिला मानाचं लुगडं दिलं असेल का? आश्रमातल्या पोराकडे कुठून असणार?"

"ते लिहिलेलं नाही," अक्का म्हणाल्या.

"मग राहिलंच असेल," नाना म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते मला घेऊन धुळ्याच्या बाजारात गेले. काठी टेकत, तीन दुकानं पालथी घालून त्यांनी एक हिरवं लुगडं पसंत केलं. रंगाच्या बाबतीत ते कुणाचं ऐकत नाहीत. मी विचारलं, "हे द्यायचं कुणाला?" नाना म्हणाले, "सिस्टरना विचार." मी अक्कांना फोन लावून दिला. अक्का पलीकडून म्हणाल्या, "आश्रमापासून बैलगाडीनं दिवसात पोचता येईल अशी पिंपरी धरणगावच्या बाजूला आहे एक. तीच म्हणून सांगत नाही. पण जाऊन येऊ. मी पण येते."

अक्कांनी नानांना उन्हापावसात नेऊ दिलं नाही, त्यामुळे निघायला पौषातली थंडी उजाडली. मी गाडी ठरवली, नाना पुढे बसले, आम्ही दोघी मागे. वाटेत कापसाच्या गाड्या जिनिंग गिरणीकडे चालल्या होत्या, रस्त्याच्या कडेच्या बाभळींना कापसाचे पुंजके अडकलेले. अक्का दर पाटीवरचं गावाचं नाव वाचत होत्या, मोठ्यानं, एकही न सोडता.

गावात शिरल्यावर कुणाकडे जावं ते कळेना. पहिल्याच गल्लीत एका पत्र्याच्या घरापुढे एक म्हातारी बसली होती. ओसरीवर आढ्यापर्यंत कापूस रचलेला, तिच्या पुढ्यात सूप. आम्ही उतरलेले पाहून तिनं कपाळावर हात धरला.

"कोना घर जावानं शे, भाऊ?"

नाना काठी टेकत पुढे झाले. घरी आम्ही पुस्तकी मराठी बोलतो. लहानपणी गल्लीत बोललेली अहिराणी नानांच्या तोंडून मी कधी ऐकली नव्हती. ते म्हणाले, "माय, मन्हा आजानी बहीन या गावले दियेल व्हती, आसं वाटस."

"तिनं नाव काय?"

"नाव म्हाईत नही."

"कोना घरनी?"

"तेबी म्हाईत नही."

म्हातारी बघत राहिली. मग हसली. "आन मंग कसाले उनात?"

आलो कशाला, ते सांगायला नानांनी पिशवी पुढे केली. "लुगडं लई उनू. तिना मान ऱ्हायेल व्हता."

म्हातारीनं पिशवीत डोकावलं, नानांकडे बघितलं, मग अक्कांकडे. अक्का पुढे झाल्या आणि तिच्यासमोर ओट्यावरच टेकल्या. त्यांनी सगळी हकिकत सांगितली. दुष्काळ, आश्रम, लग्न, फुली. जे ठाऊक होतं तेच, आणि जे ठाऊक नव्हतं ते ठाऊक नाही म्हणून. शेवटी म्हणाल्या, "हीच पिंपरी असेल असं नाही, बाई. दुसरी पण असू शकते."

म्हातारीनं सूप बाजूला सारलं. हाताला चिकटलेला कापूस झटकला. ती गल्लीतल्या एकेका दाराकडे बघायला लागली, आणि मला वाटलं आता ती आम्हाला सरपंचाकडे नाही तर पोलीस पाटलाकडे पाठवणार.

"या गावमा बठ्ठ्या बाया दुसरा गावथीनच येल शेतस," ती सावकाश म्हणाली. "मी बी. कोनले बी द्या, भाऊ. तिले पोची जाई."

नानांनी वाकून ते हिरवं लुगडं तिच्या हातावर ठेवलं. अक्का उठल्या आणि नानांच्या कोपराला आधार देऊन उभ्या राहिल्या. म्हातारीनं लुगडं कपाळाला लावलं. मग ते उराशी धरून ओसरीच्या टोकाला गेली आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात हाक दिली,

"अवं बाया वं, इकडे या! मन्हा माहेरना मानसे उनात!"

दारं उघडू लागली. नाना कुणी बोलवायची वाट न पाहता चपला काढून आत गेले.